फॅमिली डॉक्टर आणि खरे बोलण्याची सवय



पूर्वीच्या एका धर्मग्रामात असताना घडलेली ही गोष्ट आहे. त्या कुटुंबाच्या संमतीने, नावगाव न सांगता, ती आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

एका दुपारी आम्हाला एका घरून बोलावणे आले. ओट्यावरच थोरल्या मुलाने आम्हाला थांबवले आणि हळू आवाजात तो म्हणाला, "फादर, पप्पांना काही माहीत नाही. अशक्तपणा आहे असंच सांगितलंय. तुम्ही स्टोल घालू नका, तेलाची डबीही काढू नका. सहज आलो म्हणा." वडिलांना यकृताचा कॅन्सर होता. हॉस्पिटलने काही आठवड्यांची मुदत सांगून घरी पाठवले होते.

आम्ही स्टोल खिशात ठेवला, आत गेलो आणि म्हणालो, "या बाजूला आलो होतो, म्हटलं डोकावून जावं."

ते गृहस्थ उशीला टेकून बसले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाले, "फादर, बरा झालो की धाकट्या भावाकडे जाऊन येणार आहे. विहिरीच्या पाण्यावरून बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली. आता मिटवून टाकतो." आम्ही म्हणालो, "जरूर जा. आधी चांगले बरे व्हा."

एकोणीस दिवसांनी ते गेले. आदल्या रात्री आम्ही त्यांना रुग्णाभ्यंग संस्कार दिला, तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. धाकटा भाऊ दफनविधीला आला. तो कबरस्थानाच्या फाटकापाशी उभा राहिला आणि सगळे पांगल्यावर पुढे येऊन त्याने मूठभर माती टाकली. त्याचे घर थोरल्याच्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होते.

काही दिवसांनी त्या कुटुंबाचे फॅमिली डॉक्टर आम्हाला भेटले. वीस-बावीस वर्षे ते त्या घराला औषध देत होते. ते म्हणाले, "फादर, ते मला दोनदा म्हणाले, डॉक्टर, खरं काय ते सांगा. मी हसण्यावारी नेलं. काय करू? इतकी वर्षं थकवा आला की सलाईन लाव, पाय दुखले की ताकदीचं इंजेक्शन दे, असंच चाललं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी नेहमी थोडं खोटंच बोलत आलो. मग शेवटी एकदम खरं कुठून काढू?"

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, सत्यासत्यावर परीक्षा दिल्या. पण त्या डॉक्टरांनी क्लिनिक बंद करून जाताजाता जे सांगितले, ते आम्हाला कोणत्याही पुस्तकाने इतक्या स्पष्टपणे शिकवले नव्हते. मरणाच्या दारी मोठे सत्य सांगण्याची ताकद आयत्या वेळी येत नाही. ती लहानसहान खरे बोलण्यातून, वर्षानुवर्षे, साठत जाते. आजच्या लेखात आपण याच गोष्टीचा विचार करू या.

जुना प्रश्न

आजाऱ्याला खरे सांगावे की नाही, हा प्रश्न आजचा नाही. संत आगुस्तिन यांनी खोटे बोलण्याविरुद्ध सुमारे ४२० साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी जवळजवळ आपल्याच घरातला प्रसंग घेतला आहे. एक बाप गंभीर आजारी आहे. त्याचा एकुलता मुलगा वारला आहे, पण बापाला ते ठाऊक नाही. तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? खरे सांगावे तर धक्क्याने बाप मरेल. मग काय सांगावे? आगुस्तिन आपल्यासारखेच हेलावतात आणि तसे कबूलही करतात. तरीही ते खोट्याला परवानगी देत नाहीत. एकदा दयेपोटी लहान खोट्याला आत घेतले की ते हळूहळू वाढत जाते आणि शेवटी त्याला कुठे अडवावे हे कळेनासे होते, अशी त्यांना भीती आहे.

संत थॉमस अक्वायनस हेही खोटे बोलणे निषिद्धच मानतात. पण ते एक महत्त्वाचा भेद दाखवतात. खोटे बोलणे वेगळे आणि शहाणपणाने सत्य झाकून ठेवणे वेगळे. माणूस प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, सगळे सांगायला बांधलेला नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट मात्र १७९७ च्या आपल्या निबंधात इतका कडक झाला की, मित्राचा खून करायला आलेल्या माणसालाही खोटे सांगू नये, असे त्याने मांडले. तेथे आपल्यापैकी बहुतेकांचे मन मागे फिरते.

डॉक्टर मंडळी प्रत्यक्षात काय करीत आली? १९६१ मध्ये शिकागोच्या एका हॉस्पिटलमधील डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. कॅन्सर झाल्याचे रुग्णाला सहसा सांगत नाही, असे सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी सांगितले. १९७९ मध्ये अमेरिकेतच तशीच पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा सांगण्याच्या बाजूने ९७ टक्के होते. अठरा वर्षांत पारडे पूर्ण उलटले. डॉक्टर एकाएकी निर्दय झाले असे नव्हे. उपचार सुधारले, कॅन्सर या शब्दाची दहशत थोडी कमी झाली आणि शरीर ज्याचे त्याला विचारले पाहिजे ही जाणीव वाढली. खरे ऐकल्याने माणूस मोडून पडतो, हा जुना समज बऱ्याच अंशी न तपासताच चालत आला होता.

एक डॉक्टर, दोन विद्या

या विषयावर वाचताना आम्हाला एका फॅमिली डॉक्टरची कारकीर्द विशेष बोधप्रद वाटली. त्यांचे नाव हॉवर्ड ब्रॉडी. अमेरिकेत १९६९ मध्ये फॅमिली डॉक्टरकी ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रॉडी मिशिगन स्टेट विद्यापीठात एकाच वेळी दोन विद्या शिकत होते. एकीकडे वैद्यकाची पदवी, दुसरीकडे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट. वैद्यकातील नैतिक निर्णयांवरचे त्यांचे पहिले पुस्तक १९७६ मध्ये आले. पुढे अनेक वर्षे त्यांनी मिशिगनमध्ये रुग्ण तपासले, फॅमिली डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांना शिकवले आणि विद्यापीठाच्या नीतिशास्त्र केंद्राची धुरा वाहिली. २००६ मध्ये ते टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे वैद्यकीय मानव्यविद्यांच्या संस्थेचे संचालक झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे गृहस्थ चर्चचे प्रवक्ते नाहीत. १९९२ मध्ये त्यांनी सहाय्यित मृत्यूच्या बाजूने लिहिलेला लेख आम्हाला मान्य नाही. चर्चची शिकवण त्याबाबत वेगळी आहे आणि ती आपणास ठाऊक आहे. पण जो माणूस एका बाबतीत चुकला असे आपल्याला वाटते, त्याच्याकडून दुसऱ्या बाबतीत शिकू नये असा नियम नाही. खुद्द अक्वायनस अॅरिस्टॉटलकडून शिकले.

ब्रॉडी यांच्याकडून काय शिकावे? वैद्यकीय नीतिशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठे प्रश्न येतात. व्हेंटिलेटर काढावा का, किडनी कोणाला द्यावी, गर्भाची तपासणी करावी का. ब्रॉडी यांचे बरेचसे लिखाण मात्र तपासणीच्या टेबलाभोवती फिरते. खोकला, पाठदुखी, झोप न येणे. फॅमिली डॉक्टरला दिवसभरात असे कितीतरी रुग्ण भेटतात आणि त्या प्रत्येकाशी बोलताना त्याला काहीतरी नैतिक निवड करावी लागते. फक्त ती इतकी लहान असते की ती कोणाच्या लक्षात येत नाही.

साखरेची गोळी

त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासाचा विषय होता प्लासीबो, म्हणजे ज्यात औषध नाही अशी गोळी किंवा इंजेक्शन. हा शब्द लॅटिन आहे. 'मी खूश करीन' असा त्याचा अर्थ. मृतांसाठीच्या संध्याप्रार्थनेची सुरुवात लॅटिनमध्ये या शब्दाने होत असे. मध्ययुगात काही लोक पैशांच्या किंवा जेवणाच्या आशेने मयताच्या घरी येऊन ती प्रार्थना म्हणत. त्यामुळे या शब्दाला खुशामतीचा वास लागला. प्रार्थनेतून निघालेला हा शब्द खुशामतीच्या वाटेने दवाखान्यात पोहोचला!

आपल्याकडे हा प्रकार परका नाही. आपल्यातले कित्येक जण थोडा थकवा आला की स्वतःच म्हणतात, "डॉक्टर, एक बाटली लावा." अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साधारण साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले असेल, तोंडाने काही जात नसेल, तर ही बाटली जीव वाचवते. पण ज्याला नीट खातापिता येते त्याला ती लिंबूसरबताहून फारसे काही देत नाही. तरीही बाटली लावून घरी येणारा माणूस म्हणतो, बरे वाटले. आणि त्याला खरोखरच बरे वाटलेले असते.

मग डॉक्टरने बाटली लावली तर बिघडले कुठे? रुग्ण समाधानी, डॉक्टरची फी सुटली, कोणाचे नुकसान झाले नाही.

अमेरिकेतील बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी १९०३ मध्येच या सवयीवर बोट ठेवले होते. आपणही अशाच गोळ्या-पाण्याच्या परंपरेत वाढलो, हे न लपवता त्यांनी खरे आणि खोटे दोन्हींचे परिणाम आपल्या कामात तपासून पाहिले आणि ते खऱ्याच्या बाजूला आले. ब्रॉडी यांनी हा प्रश्न आणखी पुढे नेला. ते विचारतात, रुग्णाला बरे वाटते ते नेमके कशाने? त्या गोळीत तर काहीच नाही. म्हणजे गुण गोळीभोवतीच्या गोष्टींत असला पाहिजे. त्यांनी अशा तीन गोष्टी सांगितल्या. आपल्याला काय होत आहे याचा उलगडा रुग्णाला मिळणे. आपली कोणाला तरी काळजी आहे असे त्याला जाणवणे. आणि या आजारापुढे आपण अगदीच हतबल नाही, आपल्या हातात काहीतरी आहे, असे त्याला वाटणे.

आता पाहा, या तिन्हींपैकी एकाही गोष्टीला खोटे बोलण्याची गरज नाही. नीट ऐकून घेतले, समजेल असे सांगितले, हात धरून तपासले, घरी काय करायचे ते सांगितले, की तिन्ही गोष्टी मिळतात. २०१० मध्ये अमेरिकेत आतड्यांच्या त्रासाच्या ८० रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला स्पष्ट सांगून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. तीन आठवड्यांनी, ज्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा या गटाला जास्त आराम वाटला. अशा गोळीने गाठ विरघळत नाही की जंतू मरत नाहीत, हे खरे. पण जो आराम मिळतो त्यासाठी फसवणूक आवश्यक आहे, हा समज त्यामुळे कच्चा ठरला.

आणि फसवणुकीची किंमत असतेच. ती आज दिसत नाही, एवढेच. वीस वर्षे "ताकदीचं इंजेक्शन" ऐकलेल्या माणसाला आपले शरीर समजून घेण्याची सवय लागत नाही. आणि वीस वर्षे तसे बोललेल्या डॉक्टरची जीभ खऱ्या शब्दाला अडखळते. आमच्या त्या डॉक्टरांचे नेमके हेच झाले. आगुस्तिन यांना जी भीती वाटली होती तीही हीच.

मोठ्याने विचार करणारा डॉक्टर

मग रोजच्या तपासणीत खरे बोलायचे कसे? ऑपरेशनपूर्वी सह्या घेतात तसे प्रत्येक खोकल्याला छापील कागद द्यायचा का? १९८९ च्या एका लेखात ब्रॉडी यांनी याचे सोपे उत्तर दिले. संमतीचे कायदेशीर नियम मोठ्या शस्त्रक्रियांच्या अनुभवातून आले आहेत. ते फॅमिली डॉक्टरच्या खोलीत नीट बसत नाहीत. तेथे एकच कसोटी पुरे. डॉक्टरच्या मनातला विचार रुग्णाला दिसला पाहिजे. डॉक्टरने आपला विचार मोठ्याने करावा आणि रुग्णाला प्रश्न विचारू द्यावा.

उदाहरणार्थ, पाच दिवस खोकणाऱ्या बाईंना डॉक्टर म्हणू शकतात, "ताई, छाती तपासली, आवाज स्वच्छ आहे. ताप उतरलाय. हा बहुधा व्हायरसचा खोकला आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आणखी आठवडाभर रेंगाळेल. पण ताप परत आला, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर लगेच या. तेव्हा माझा विचार बदलेल." याला एक मिनिट लागते. यात डॉक्टरला काय ठाऊक आहे तेही आले आणि काय ठाऊक नाही तेही आले.

डॉक्टरला सगळे ठाऊक नसते, हे सांगणे बहुधा सर्वांत अवघड. ब्रॉडी यांनी १९९२ मध्ये डॉक्टरच्या सत्तेवर एक पुस्तक लिहिले. डॉक्टरकडे ज्ञानाची सत्ता असते, व्यक्तिमत्त्वाची असते आणि समाजाने दिलेल्या मानाची असते. ही सत्ता वाईट नाही. तिच्यामुळेच तर रुग्णाला धीर येतो. पण आपल्या हाती सत्ता आहे हे डॉक्टरने मान्य केले पाहिजे, ती रुग्णाच्या हितासाठीच वापरली पाहिजे आणि शक्य तितकी त्याच्याशी वाटून घेतली पाहिजे. हे वाचताना आम्ही स्वतःला सोडून वाचू शकलो नाही. धर्मगुरूच्या हातीही अशीच सत्ता असते. "सहज आलो होतो" असे आम्ही म्हणालो तेव्हा ते गृहस्थ आमच्यावर विश्वास ठेवणारच होते. आम्ही ती सत्ता वापरली, पण त्यांच्यासाठी नव्हे. घरातली अवघड घटका टळावी म्हणून वापरली.

खरे बोलणाऱ्या डॉक्टरला आपली नजरही स्वच्छ ठेवावी लागते. २००५ मध्ये ब्रॉडी यांनी लिहिले की, डॉक्टरांनी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना भेटणेच बंद करावे. २००७ मध्ये याच विषयावर त्यांचे पूर्ण पुस्तक आले. दवाखान्याच्या बाकावर बॅग घेऊन बसलेले एमआर आपण सर्वांनी पाहिले आहेत. तीही पोटापाण्यासाठी राबणारी मुले आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण आपल्याला लिहून मिळालेली गोळी आपल्या आजारामुळे मिळाली की कोणाच्या भेटवस्तूमुळे, हे रुग्णाला कळू शकत नाही. तो विश्वासानेच चिठ्ठी घेतो. भारतातही २००९ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू आणि सहली घेण्यास मनाई करणारा नियम केला.

पुढे २०१० मध्ये ब्रॉडी यांनी आपल्या व्यवसायबंधूंना एक आवाहन केले. प्रत्येक वैद्यकीय शाखेने स्वतःहून अशा पाच तपासण्या किंवा उपचारांची यादी करावी, ज्या सर्रास केल्या जातात, खर्चिक असतात आणि निदान काही रुग्णांना त्यांचा उपयोग होत नाही. दुसऱ्याकडे बोट न दाखवता आपल्याच ताटातले काढून ठेवा, असे हे सांगणे होते. त्यातून चालना मिळून २०१२ मध्ये अमेरिकेत नऊ वैद्यकीय संघटनांनी अशा याद्या जाहीर केल्या. फॅमिली डॉक्टरांच्या यादीत होते की, धोक्याची लक्षणे नसतील तर साध्या कंबरदुखीसाठी पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे, एमआरआय काढू नये. "याची गरज नाही" हेही एक सत्यच आहे. ते बोलायला डॉक्टरला पैशांची झळ सोसावी लागते. त्या सत्याची किंमत त्यामुळेच कळते.

आपल्या घरातले खरे

कोणी म्हणेल, फादर, हे अमेरिकेत ठीक. आमच्याकडे आजारी माणूस एकटा नसतो. मुलगा, सून, लेक, भाऊ सगळे मिळून ठरवतात. हे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. आपल्या कुटुंबांची ती मोठी ताकद आहे. त्या थोरल्या मुलाने वडिलांसाठी नोकरीवर बिनपगारी रजा घेतली होती, रात्रंदिवस उशाशी बसला होता. त्याने आम्हाला ओट्यावर अडवले ते प्रेमापोटीच.

पण प्रेमालाही एक प्रश्न विचारावा लागतो. हे खोटे कोणाला वाचवते? बहुतेक वेळा आजाऱ्याला काहीतरी ठाऊक असते. कपडे ढिले होतात, पाहुण्यांची वर्दळ वाढते, कोपऱ्यातली कुजबूज त्याच्या आल्यावर थांबते. मग तो घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून काही विचारत नाही आणि घरचे त्याला वाईट वाटू नये म्हणून काही सांगत नाहीत. एकाच छपराखाली सगळे एकेकटे होतात. ज्याला खरेच काही ठाऊक नसते, त्याचे तर शेवटचे दिवसच त्याच्या हातून जातात. त्या गृहस्थांना आपल्याकडे एकोणीस दिवस आहेत हे कळले असते, तर ते बरे होण्याची वाट पाहत थांबले नसते. भावाला निरोप धाडला असता. पाच मिनिटांचा रस्ता होता.

उलट टोकही आम्हाला मान्य नाही. रिपोर्ट टेबलावर ठेवून "तीन महिने आहेत" असे म्हणून पुढच्या रुग्णाला बोलावणे, याला खरे बोलणे म्हणत नाहीत. ते खरे अंगावर फेकणे झाले. अक्वायनस यांचा भेद येथे उपयोगी पडतो. झाकून ठेवणे, थांबणे, थोडे थोडे सांगणे, यांना मनाई नाही. मनाई आहे ती विचारले असता खोटे सांगण्याला. चांगला फॅमिली डॉक्टर आधी विचारतो, "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? किती जाणून घ्यायचं आहे? सगळं तुम्हाला सांगू की मुलाशी बोलू?" रुग्ण म्हणाला, "मला नको, मुलाला सांगा," तर तोही त्याचा निर्णय आहे आणि तो पाळावा. फरक इतकाच की तो निर्णय त्याने घेतला, आपण त्याच्या पाठीमागे घेतला नाही.

आणि हे विचारणे फॅमिली डॉक्टरलाच सर्वांत चांगले जमते. मोठ्या हॉस्पिटलातला तज्ज्ञ गाठ ओळखतो, पण त्या माणसाला तो पहिल्यांदाच भेटत असतो. फॅमिली डॉक्टरला मुलीचे लग्न, वाडीचे कर्ज, भावाचे भांडण सगळे ठाऊक असते. अट एकच. त्याने त्या माणसाशी आधीची वर्षे खरेपणाने घालवलेली हवीत.

यात आपलाही वाटा आहे. डॉक्टरने खरे बोलावे असे वाटत असेल तर आपणही काही सवयी बदलल्या पाहिजेत. "इंजेक्शन दिलं नाही, मग कसला डॉक्टर" असे म्हणून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ नये. कशासाठी हे औषध, न घेतले तर काय होईल, असे नम्रपणे विचारावे. जो डॉक्टर औषध न देता दहा मिनिटे समजावतो त्याची फी आनंदाने द्यावी, कारण ती दहा मिनिटे हेच त्याचे औषध आहे. डॉक्टरला "पप्पांनी विचारलं तरी सांगू नका" असे बजावण्याऐवजी "त्यांनी विचारलं तर सांगा, तेव्हा आम्ही जवळ असू" असे म्हणावे. आणि धर्मगुरूला अखेरच्या रात्री बोलावू नये. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की, हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही, तर तो आजाऱ्यांचा अभ्यंग आहे. स्टोल पाहून आजारी माणूस घाबरतो तो आपण त्याला मरणाशी जोडून ठेवले म्हणून. गंभीर आजाराच्या सुरुवातीलाच बोलावले, तर ती भीती उरणार नाही.

आपल्या धर्मग्रामात दवाखाना चालवणारे डॉक्टर बंधुभगिनी हे पान वाचत असतील. संत लूक तुमच्याच व्यवसायाचे होते अशी परंपरा आहे. तुमच्याकडून आम्हाला चमत्कार नकोत. उद्या सकाळच्या पहिल्या रुग्णाशी एक मिनिट मोठ्याने विचार करा, इतकेच मागणे आहे.

आणि आम्ही? त्या घरातील थोरल्या मुलाशी आम्ही नंतर बोललो. आमची चूक त्याच्यापुढे कबूल केली. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "फादर, काकांना मी बोलवायला हवं होतं." आम्ही म्हणालो, "तुझ्याआधी ते आमचं काम होतं." त्यानंतरच्या ईस्टरला तो काकांच्या घरी गेला. विहिरीचे पाणी आता दोन्ही वाड्यांना जाते.

आजही एखाद्या घराच्या ओट्यावर आम्हाला थांबवून "फादर, सहज आलो म्हणा" असे सांगतात. आम्ही रागावत नाही. आम्ही त्यांच्याजवळ बसतो आणि सांगतो, "आम्ही आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तुम्ही आमच्यासोबत आत या." मग खिशातला स्टोल गळ्यात घालतो आणि त्यांच्यासोबत आत जातो.